शेजारणीचं लेकरू

कवठे येमाई, ता. शिरूर
१६ नोव्हेंबर १९९६

पूनम बाळा,

येमाईची नजर तुझ्यावर आन् धनूवर असू दे. आमचं बरं चाललंय. सुरजनं वरच्या वावरात कांदा लावलाय. तुझी आई राहिलेल्या मेंढ्या अजून इकू देत न्हाई. म्हणती, दारात मेंढरू नसलं की अंगण मुकं वाटतं. दिवाळीला तुमची वाट बघून करंज्या शेवटी पोष्टमनला खाऊ घातल्या.

तुला एक गंमत सांगायची हाय. तुझा बाप पुढारी झालाय. हसू नगंस! पंचायत समितीची निवडणूक जवळ आलीया. पक्षाचे तालुक्याचे अध्यक्ष जयसिंगराव सोताहून आपल्या ओट्यावर आले, घोंगडीवर बसले आन् म्हणाले, "तात्याबा, तुम्ही बोलाय लागला की मेंढरं चरायची थांबत्यात. आमच्यासाठी बोला." रस्ता, पाणी, लाईट हे तर समदेच बोलत्यात. औंदा पक्षानं आईबापाचं, लेकराबाळांचं बोलायचं ठरवलंय. जिथं बाजार भरतो त्या गावाला पाळणाघर. मजुरीवरच्या बाळंतिणीला घरी बसून मजुरी. घर नवराबायको दोघांच्या नावावर. वचनपत्र छापायचं हाय अजून, पण कलमं मला तोंडपाठ झाल्यात.

आता अडचण आयक. मी बोलणार, पण मला लेकरू सांभाळण्यातलं काय कळतं? तू आन् सुरज लहान हुता तवा मी मेंढरांमागं कोकणात. घरी आलो की तू मला बघून आईच्या पदरात तोंड लपवायचीस. म्हणून तुला इचारतो. तू कुरकुंभला कंपनीत कामाला जाणारी. तुझी सासू संगं राहती म्हणून तुझं निभतंय, पण बाकीच्या बायांचं कसं चालतं, आईला खरं काय लागतं, ते मला लिहून धाड. मी तसंच बोलीन.

शंभूरावांना रामराम. धनूचा पापा घे.

तुझा आबा, तात्याबा

*

दौंड
२४ नोव्हेंबर १९९६

आबा, तुम्हाला आणि आईला माझा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी एकटीच हसत बसले होते. तुम्ही स्टेजवर, समोर माईक! माईकची तुम्हाला गरजच काय? इकडच्या डोंगरावरून हाक मारली की पलीकडच्या डोंगरावरची मेंढी वळायची.

दिवाळीला यायचं फार मनात होतं. पण कंपनीत ओव्हरटाइम लागला, आणि हे ट्रकवर गुजरातकडं गेलेत. सासूबाई बऱ्या आहेत. धनूला दाढा यायला लागल्यात. काहीही दिसलं की 'काय ये?' म्हणून विचारते.

आईला काय लागतं ते सांगते. आमच्या शेजारी एक बाई राहते. तिचा नवरा कामासाठी म्हणून बाहेर पडला तो फिरकलाच नाही. सोलापूरकडं दुसरं घर केलं म्हणतात. सासरच्यांनी हिलाच बोल लावला आणि बाहेर काढलं. तीही माझ्याच कंपनीत पॅकिंगला आहे. घरी कुणी नाही, म्हणून पोरीला कडेवर घेऊनच जीपमधनं कंपनीपर्यंत जाते. गेटबाहेर अनसाबाई नावाची एक म्हातारी चहाची गाडी लावते. तिच्यापाशी पोरीला सोडते. रस्त्यानं सारखे टँकर चाललेले असतात, आणि अनसाबाई गिऱ्हाईक बघणार की पोर बघणार? म्हणून ती बाई पोरीच्या कमरेला जुनं लुगडं बांधते आणि त्याचं दुसरं टोक गाडीच्या चाकाला. पोर तेवढ्या गोलात खेळते. जेवणाच्या सुट्टीत वॉचमन बायकांना बाहेर सोडत नाही. मग ती बाई गेटच्या गजांतून हात बाहेर काढते आणि भाकरीचा घास भरवते. पोरगी खाऊन झालं की तिची बोटं धरून ठेवते. ती सोडवून आत जायचं, हे त्या बाईचं रोजचं सगळ्यात अवघड काम. पॅकिंग त्यापुढं काहीच नाही.

आबा, अशा बाईला पैसा नको, दया नको. एक खोली पाहिजे, जिथं लेकरू बांधून ठेवावं लागणार नाही. आणि एक माणूस पाहिजे, ज्याचं लक्ष लेकरावर असेल, दुसऱ्या कशावर नाही. एवढं बोललात तरी पुष्कळ झालं.

आईला म्हणावं, पायाला तेल लावत जा.

तुमची पूनम

*

कवठे येमाई
१५ डिसेंबर १९९६

पूनम बाळा,

तुझं पत्र लागू पडलं! पाबळच्या बाजारात पारावर सभा हुती. आधी बोलणाऱ्यांनी आकडे सांगितले, लोक मिरच्या निवडत बसले. मग मी उठलो. तुझ्या शेजारणीची गोष्ट सांगितली. ते लुगडं, ते चाक, ते गजातून हात घालून भरवणं.  एका बाईच्या हातात कोथिंबिरीची जुडी तशीच राहिली.

मग मी आपल्या वाड्याचं सांगितलं. आपण मेंढरं घेऊन हिंडायचो तवा रोज नव्या रानात वाडा पडायचा. धडधाकट माणसं मेंढरांमागं जायची, पर एक म्हातारा वाड्यावरच राहायचा. आमच्या वाड्यात हौशीराम आज्जा हुता. नुकती जन्मलेली कोकरं आन् रांगती पोरं समदी त्याच्यापाशी. त्याला दुसरं काम सांगायचं न्हाई, हा नियम. म्हणलं, "बायांनो, आम्ही रानात ऱ्हाणारी माणसं कोकराला एकटं सोडत नव्हतो. आन् हितं डांबरी सडकेवर माणसाचं लेकरू चाकाला बांधावं लागतंय. हे पाळणाघर म्हंजी कायतरी मोठं दान न्हाई. वाड्यावरचा म्हातारा हाय तो!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! जयसिंगरावांनी मला जीपमधी पुढं बसवलं. आता मलठण, टाकळी हाजी, समदीकडं हीच गोष्ट सांगायची म्हणत्यात.

फक्त एक झालं. सभा उठल्यावर एक म्हातारी माझ्याजवळ आली. म्हणाली, "आबा, ते लेकरू आता कुठं हाय? तुम्ही त्याच्यासाठी काय केलं?" मी म्हणलं, "मावशे, निवडून आल्यावर करणारच की." ती म्हणाली, "तवर काय त्यानं बांधूनच घ्यायचं?"  तर त्या बाईचं पुढं काय झालं ते कळव.

तुझी आई तुझं पत्र मला परत परत वाचाय लावती. ते घास भरवायचं आलं की म्हणती, "थांबा, पुन्यांदा वाचा." आन् मग नुसती चुलीकडं बघत बसती.

जावई गुजरातेतनं आले का?

तुझा आबा

*

दौंड
२ जानेवारी १९९७

आबांना आणि आईला नमस्कार.

तुमच्या सभेचं वाचून फार बरं वाटलं. हौशीराम आज्जा मला आठवतो. त्याच्या घोंगडीला कोकरांचा वास यायचा.

शेजारीण बरी आहे. तिचं चाललंय तसंच चाललंय. तुम्ही तिची काळजी करू नका. हे अजून आले नाहीत, गाडीला माल मिळाला की येतील. धनू आता 'भू' म्हणते, कुत्र्याला पण आणि ट्रकला पण.

एक विचारायचं होतं. त्या शेजारणीनंच विचारलंय. तुमच्या पक्षाचं पाळणाघर झालं, मजुरीचं झालं, तर त्यात अशी बाई बसते का? म्हणजे जिचा नवरा कागदावर आहे पण घरात नाही. विधवा असली तर सरकारला कळतं. नवऱ्यासोबत असली तरी कळतं. ही मधली. हिचं नाव कुठं लावायचं? तुम्ही जयसिंगरावांना नक्की विचारा. विसरू नका.

तुमची पूनम

*

कवठे येमाई
२० जानेवारी १९९७

पूनम बाळा,

वचनपत्र छापून आलं. गुळगुळीत कागद हाय, वर आईबापाचं आन् दोन लेकरांचं हसरं चित्र. मी पहिल्यांदा तुझ्या शेजारणीचं कलम शोधलं. तिथं लिहिलंय, ह्या समद्या सोयी 'कुटुंबप्रमुखाच्या सहीनं' मिळतील.

मी शिरूरच्या हाफिसात जयसिंगरावांना गाठलं. म्हणलं, "साहेब, कुटुंबप्रमुख म्हंजी कोण?"

"म्हंजी घरातला कर्ता. नवरा."

"आन् नवऱ्यानं टाकलेली असली तर?"

ते हसले. खांद्यावर हात ठेवला. "तात्याबा, तुमची गोष्ट लई भारी हाय, लोकांना रडवती. पण कलमात घातली तर प्रत्येक सासरा म्हणल, पक्ष आमच्या सुना फोडतोय. आपण घरं जोडायला निघालोय. अशा बायांचं पुढं बघू."

 खरं सांगायचं तर मलाबी त्यात तथ्य वाटलं. घर मोडायला उत्तेजन कशाला द्यायचं? तर त्या बाईला माझा निरोप सांग. म्हणावं, कमीपणा घे. पोरीला घेऊन सासऱ्याच्या दारात जा, पाया पड. सोलापूरला जाऊन नवऱ्याला गाठ. बाईमाणसानं जरा सोसलं तर घर उभं ऱ्हातं. म्हाताऱ्या माणसाचा सल्ला हाय म्हणावं.

फेब्रुवारीत वढू बुद्रुकला मोठी सभा हाय. मोठे पुढारी येणार. त्यात मला बोलायला उभं करणार हायत!

तुझा आबा

*

दौंड
२८ जानेवारी १९९७

आबा,

तुमचा निरोप शेजारणीला दिला. 

काल संध्याकाळी कंपनी सुटायच्या वेळी तिच्या पोरीच्या कमरेचं लुगडं सुटलं. पोर रस्त्यावर गेली. टँकरवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचली. त्याच्या मागच्या गाडीचा ड्रायव्हर, बिहारी होता, खाली उतरला आणि "बच्ची किसकी है, बच्ची किसकी है" म्हणून ओरडत राहिला. पोरीला काही झालं नाही. नुसती घाबरली. आता लुगड्याला हात लावला तरी रडते.

माझा हात जरा खरचटला आहे म्हणून अक्षर वाकडं येतंय. जास्त लिहीत नाही. वढूच्या सभेत चांगलं बोला.

पूनम

*

कवठे येमाई
५ फेब्रुवारी १९९७

माझ्या लेकरा,

हे पत्र सुरजच्या हातानं धाडतोय. टपालाची वाट बघवंना.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत हुती. मी वाचत गेलो. पोर रस्त्यावर गेली, टँकर थांबला. मी म्हणलं, "आयला, थोडक्यात वाचली म्हणायची शेजारणीची पोर." आन् पुढं वाचलं, तुझा हात खरचटला. तुझ्या आईनं भाकरी तशीच काटवटीत टाकली. मला म्हणाली, "शेजारणीची पोर रस्त्यावर गेली, आन् आपल्या पोरीचा हात कसा हो खरचटला?"

मी म्हणलं, "पडली आसंल कुठंतरी."

"कुठंतरी न्हाई पडली. पोरीमागं पळताना पडली. अहो, गजातून घास भरवताना लेकरू बोटं कशी धरून ठेवतं, हे शेजारणीला लांबनं दिसत नसतं. ते आईच्याच बोटांना कळतं. मला पहिल्याच पत्राला कळलं हुतं. मला वाटलं तुम्हालाबी कळलं आसंल, आन् तुम्ही माझ्यापासनं लपवताय. म्हणून मी गप हुते."

पूनम, मी गावोगाव हिंडून माझ्याच नातीची गोष्ट सांगितली आन् टाळ्या घेतल्या. आन् तुला निरोप धाडला, पाया पड म्हणून. तो कागद फाडून चुलीत घाल. तू कुणाच्या पाया पडायची न्हाईस.

आता मला सल्ला द्यायचा न्हाई. मला फक्त खरं काय ते लिही. तू जेवतीस का? खोलीत कोण असतं संगं? सुरजजवळ तूप आन् बाजरीचं पीठ दिलंय. तो तुझं उत्तर घेऊनच निघंल, तसं त्याला बजावलंय.

आन् एक इचारायचं हाय. दहा तारखेला वढूची सभा. समद्यांना शेजारणीची गोष्ट पाहिजे. मला आता ती शेजारीण म्हणून सांगता यायची न्हाई, तोंड उघडणार न्हाई माझं. मी माझी लेक म्हणून सांगू का? तू नगं म्हणालीस तर मी त्या स्टेजवर चढणारच न्हाई. तुझी अब्रू ती माझी अब्रू. तू सांगशील तसं.

तुझा बाप

*

दौंड
६ फेब्रुवारी १९९७

आबा, आई,

सुरज दारात उभा राहिला आणि मला कळलं, तुम्हाला कळलंय. तो बाहेर धनूला खेळवतोय. मी चुलीपाशी बसून लिहितेय.

खरं ते लिहिते. गेल्या उन्हाळ्यात हे गेले. महिनाभर वाट बघितली. मग त्यांच्याच एका गाडीवाल्यानं सांगितलं, सोलापूरला बाई ठेवलीय. मी सासऱ्यांना विचारायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, बायकोला नवरा राखता आला नाही, त्याला आम्ही काय करणार. त्यांच्या घरी असलेली माझी पेटी अंगणात आणून ठेवली. तेव्हापासून मी एकटी. सासूबाई माझ्यासोबत कधीच राहायला आल्या नाहीत, ते सगळं मी रचलं.

तुम्हाला का सांगितलं नाही? आधी धीर झाला नाही, शेवटी लिहायला बसलेच होते. तेवढ्यात तुमचं पत्र आलं. तुम्ही इतके आनंदात होता, आबा. गावोगाव घरं जोडायचं बोलणार होता. मला वाटलं, कुणीतरी खालून ओरडेल, आधी आपल्या लेकीचं घर बघ. तुम्ही खाली मान घालून स्टेजवरनं उतरताय असं मला दिसायचं. म्हणून शेजारीण केली. मग तिच्याबद्दल लिहायला बरं वाटायला लागलं. तिच्या नावानं का होईना, तुम्हाला सगळं सांगता येत होतं.

तुमचा निरोप आला त्या दिवशी मात्र मी शेजारणीसाठी रडले.

जेवते मी. तब्येत बरी आहे. कामावर चार दिवस गेले नाही. सुपरवायझर म्हणतो, सतरा तारखेच्या सोमवारपासून आली नाहीस तर दुसरी घेऊ.

सभेचं विचारलंत. सांगा, आबा. माझी लेक म्हणून सांगा. पण रडवायला सांगू नका. बिचारी म्हणू नका. मी काम करते, घर चालवते, पोरगी वाढवते, तशीच सांगा. आणि लोक हसले तर हसू द्या. मला आता तेवढं भय नाही. धनू टँकरच्या पुढं उभी होती, त्या दिवशी माझं सगळं भय संपलं.

आई, तू पहिल्याच पत्राला ओळखलंस. मला माहीत असतं तर दुसऱ्या पत्रात तुझ्यासाठी काहीतरी लिहिलं असतं.

तुमची पूनम

*

कवठे येमाई
१२ फेब्रुवारी १९९७

पूनम बाळा,

सभेचं सांगतो, जसं झालं तसं.

वढूला मैदान भरलेलं. महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला आलेली माणसंबी सभेला थांबली हुती. स्टेजवर हार, फेटे. जयसिंगरावांनी माझं नाव पुकारलं आन् कानात म्हणाले, "तात्याबा, आज रडवाच."

मी माईकपुढं गेलो. म्हणलं, "तुम्ही ज्या शेजारणीची गोष्ट आयकली, ती कुणाची शेजारीण न्हाई. ती माझी लेक हाय. तिचं नाव पूनम. तिला नवऱ्यानं टाकलं, तिनं लेकराला टाकलं न्हाई. ती रोज कामावर जाती आन् सोताच्या कमाईचं खाती. तिची कीव करू नगा. मला फक्त आमच्या अध्यक्षांना एक इचारायचंय." मग मी जयसिंगरावांकडं वळलो. "साहेब, ह्या वचनपत्रात माझ्या लेकीनं सही कुठं करायची?"

 जयसिंगराव उठले, माईक घ्यायला हात पुढं केला. म्हणाले, "तात्याबांची लेक ती आमची लेक. तिचं आपण घरच्या घरी बघू."

तेवढ्यात पुढच्या रांगेतनं एक म्हातारी उठली. काठी टेकत स्टेजच्या कडेला आली. मी आधी वळखली न्हाई. त्या सारजाबाई, जयसिंगरावांची आई! त्यांनी लेकाला खालनंच हाक मारली. "जयसिंग, तुझा बाप गेला तवा तू रांगत हुतास. दिरांनी मला वाटणी दिली न्हाई. तुला झोळीत घालून मी ऊस तोडला. तवा तुझा कुटुंबप्रमुख कोण हुता रं?"

कुणी हसलं न्हाई.  जयसिंगरावांचा चेहरा लहान पोरासारखा झाला. मग माईकात म्हणाले, "आई हुती." आन् खिशातलं पेन काढून सोताच्या हातातल्या वचनपत्रावर खाडाखोड केली आन् वर धरून वाचलं, 'आईची सही पुरेशी राहील.' मग काय, बायांनी मैदान डोक्यावर घेतलं.

पण पोरी, मी घरी आलो आन् तुझ्या आईला समदं सांगितलं तर ती म्हणाली, "चांगलं झालं. मग पाळणाघर कधी?" मी म्हणलं, "निवडून यायचं, मग ठराव, मग मंजुरी. वरीस जाईल." ती म्हणाली, "धनू वरीसभर कुठं ऱ्हाणार?" पाबळच्या म्हातारीनं इचारलं, तेच तिनं इचारलं. मी म्हणलं, "मग तू जा पोरीकडं."

तर काय म्हणाली ठावं हाय? "मी कशाला जाऊ? शेताचं मला कळतं, मेंढ्या मला वळखत्यात, कांदा काढायचाय. तुम्हाला हितं काम काय? बोलायचं. लेकरांनाबी बोलणारंच माणूस लागतं. तुम्ही जा."

जयसिंगराव घरी आले हुते. "तात्याबा, मतदान तोंडावर आलंय, आत्ता कुठं चाललाय?" मी म्हणलं, "साहेब, भाषण करणारे तुमच्याकडं लई हायत. माझ्या लेकीला सोमवारी कामावर जायचंय."  जाताना त्यांनी सोताच्या आईनं दिलेला गूळ माझ्या हातात ठेवला, धनूसाठी.

रविवारी शिरूरहून चौफुल्याची गाडी, तिथनं दौंड. मला स्टँडवर घ्यायला येऊ नगंस, मी इचारत येईन. लेकराला काय खायला घालायचं, कवा निजवायचं, ते समदं सांगून ठेव. मला न्हाई येत, पण मी शिकंन.

आबा

*

दौंड
१८ जून १९९७

आई,

सुरजला सांगते, हे पत्र आईला सावकाश वाचून दाखव, गाळू नकोस.

आबा मजेत आहेत. पहिले आठ दिवस धनूनं त्यांना जवळ येऊ दिलं नाही. मग एकदा त्यांनी तोंडानं मेंढीचा आवाज काढला, आणि पोरगी जी हसायला लागली, ती त्यांच्या मिशा धरूनच झोपली. आता आमच्या चाळीतल्या कामाला जाणाऱ्या बायका आपापली पोरं त्यांच्यापाशी सोडतात. आबांची एकच अट आहे, त्यांना दुसरं काम सांगायचं नाही. भाजी आणा म्हटलं तरी आणत नाहीत. लंगोट बदलायला आता सराईत झालेत. डाळखिचडी करतात, ती कधी करपते. बिहारी पोरांशी हिंदी बोलतात, ते ऐकून त्यांच्या आया पोट धरून हसतात. "ए बच्चे, उधर मत जाव, पड्याल तुम" असलं.

निवडून आल्यावर जयसिंगरावांचं पत्र आलं होतं. शिरूरच्या बाजारातल्या पाळणाघराला जागा मिळालीय, आईच्या सहीची ओळ ठरावात आलीय. मजुरीचं कलम मात्र पुढं ढकललं. आबा म्हणाले, "एवढं झालं हेबी थोडकं न्हाई. बाकीचं मी मागत ऱ्हाईन."

आता मुख्य गोष्ट. काल मंगळवारी मी कामावरनं आले तर दारात हे बसलेले. शंभू. दाढी वाढलेली, वाळलेले. सोलापूरचं घर मोडलं म्हणाले. दुपारीच आले होते. आबांनी त्यांना पाणी दिलं, जेवायला वाढलं. धनूनं त्यांच्याकडं बघून आबांच्या मांडीत तोंड लपवलं. ते आबांना म्हणाले, "मामा, चुकलं माझं. तुम्ही सांगा, मी परत येऊ का?" आबा म्हणाले, "मला इचारू नगंस. माझी पोरगी कामाला गेलीया. येईल एवढ्यात. तिला इचार."

मी आले. हातपाय धुतले. धनूला घेतलं.  मी आबांकडं बघितलं, वाटलं, ते सांगतील काय ते. इतक्या सभा गाजवणारा माणूस, पण तोंडातनं एक शब्द काढला नाही. रागानं नाही, लोभानं नाही, नुसतं शांत माझ्याकडं बघत बसले. मी काय म्हणेन ते त्यांना मान्य असेल, असं बघणं होतं ते. माझं लग्न ठरवताना माझ्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं.

मग मीच बोलले. म्हटलं, "धनूला भेटायला येत जा. रविवारी या, तिला फिरवा, तिला तुमची ओळख होऊ दे. बाप आहे तुम्ही तिचे. राहायला येऊ नका. ह्या घरात आता मला तुमच्यावाचून राहायची सवय झालीय, ती मोडायची माझी इच्छा नाही." त्यांनी खाली मान घातली.  मग चप्पल घालून गेले. रविवारी येतात की नाही, बघू.

ते गेल्यावर मी आबांना विचारलं, "मी बरोबर बोलले का हो?"

आबांनी टोपी काढली, डोळे पुसले, परत घातली. म्हणाले, "बस हितं. मी चहा ठेवतो."

आणि आई, त्यांनी चहा केला. साखर घालायची विसरले. आम्ही दोघांनी तो तसाच प्यायला.

तुझी पूनम